जुन्या 'फरारी' माणसाचा कागद कसा शोधायचा: पुणे जिल्ह्याच्या पोलीस दप्तराची पहिली ओळख

एखाद्या गावात कुणीतरी सांगतं, "आमच्या पणजोबांवर सरकारनं बक्षीस लावलं होतं." घरात कागद नसतो, फोटो नसतो. वर्ष विचारलं तर "लई जुनी गोष्ट" एवढंच उत्तर मिळतं. अशा आठवणीपासून सरकारी कागदापर्यंत कसं पोचायचं, ते इथे सांगते. उदाहरणं पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण तालुक्यांची घेतली आहेत, कारण माझं बरंचसं काम पुरंदर, शिरूर, भीमथडी या भागांवर झालं आहे. पण मुंबई इलाख्यातल्या साताऱ्याला, नगरला, नाशिकला किंवा खानदेशाला हीच वाट लागू पडते.

आधी मनातलं एक चित्र काढून टाका. सिनेमात दिसतो तसा चेहरा छापलेला, खाली आकडा लिहिलेला, भिंतीवर चिकटवलेला कागद आपल्याकडच्या खेड्यात एकोणिसाव्या शतकात क्वचितच सापडेल. गावात वाचता येणारी माणसं मोजकी, त्यामुळे इथला जाहीरनामा आधी कानावर पडायचा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८७ त्याची रीत सांगतं. वॉरंट निघालेला माणूस फरार आहे किंवा लपून बसला आहे असं कोर्टाला वाटलं, तर त्यानं अमुक ठिकाणी अमुक दिवशी हजर व्हावं असा जाहीरनामा काढायचा आणि त्याला किमान तीस दिवसांची मुदत द्यायची. तो त्याच्या राहत्या गावात लोकांसमोर मोठ्यानं वाचायचा, एक प्रत त्याच्या घरावर किंवा गावातल्या ठळक जागी लावायची, एक कोर्टाच्या इमारतीवर. म्हणजे दवंडी, मग चावडी, मग कचेरी. तरीही माणूस आला नाही तर कलम ८८ प्रमाणे त्याची मालमत्ता जप्त. हीच तरतूद १९७३ च्या संहितेत कलम ८२ व ८३ झाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ८४ व ८५ आहे.

हे माहीत असलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. ज्या प्रती घरावर आणि चावडीवर लागल्या त्या उन्हापावसात गेल्या. शिल्लक राहते ती दप्तरातली प्रत, किंवा "जाहीरनामा वाचून दाखवला, प्रत लावली" असा खालून वर गेलेला अहवाल. आपण शोधायचं ते हे.

पहिलं काम: कागद कोणत्या जातीचा, ते ठरवा

नवखा माणूस 'वॉन्टेड नोटीस' हा एकच शब्द धरून बसतो आणि तिथेच अडतो. प्रत्यक्षात तीन वेगळे कागद असतात, आणि ते तीन वेगळ्या जागी असतात.

वर सांगितला तो कोर्टाचा जाहीरनामा. तो मॅजिस्ट्रेटच्या प्रकरणात असतो.

दुसरा बक्षिसाचा जाहीरनामा. हा सरकार काढतं, रकमेला मंजुरी लागते, म्हणून त्याच्यामागे पत्रव्यवहाराची लांब शेपटी असते: जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटनं किती मागितले, वरच्यांनी किती कापले, पकडल्यावर कुणाला किती दिले. मंजूर झालेला मजकूर 'बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेट'मध्ये येऊ शकतो. हे सरकारी राजपत्र १८३१ पासूनचं आहे.

तिसरा कागद पोलीस खात्याचा अंतर्गत. एका जिल्ह्यानं दुसऱ्याला पाठवलेलं वर्णन, ठाण्यातली यादी. आजही महाराष्ट्रात पोलीस 'पाहिजे आरोपी' आणि 'फरारी आरोपी' असे दोन शब्द वेगवेगळे वापरतात. जुन्या कागदातही असे बारकावे आहेत, म्हणून कागदावरचा शब्द आहे तसा उतरवून घ्या, स्वतःच्या शब्दात बदलू नका.

बहुतेकांना हवा असतो दुसरा, आणि माझ्या मते सुरुवातही त्याच्यापासूनच करावी. पैशाचा हिशेब असतो तिथे सरकार कागद जपून ठेवतं.

नाव, गाव, साल: आधी छापील पुस्तकं

मूळ दप्तराकडे धावण्याआधी आठवडाभर छापील साधनांत घालवा. जेम्स कॅम्बेलच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला पुण्याचा अठरावा खंड १८८५ सालचा, तीन भागांत आहे. साताऱ्याचा एकोणिसावा, त्याच वर्षीचा. त्यात न्यायव्यवस्थेचं प्रकरण काढा. पोलीस किती होते, किती गुन्हे नोंदले गेले, कुठले दरोडे गाजले, हे सगळं तिथे आहे. राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागानं हे खंड इंटरनेटवर ठेवले आहेत, त्यामुळे घरबसल्या होतं.

त्यानंतर सरकारनंच १९५७ साली काढलेला, स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड पाहा. १८१८ ते १८८५ या काळातले सरकारी कागद त्यात छापले आहेत. वासुदेव बळवंत फडके यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त त्यात आहे. पोलिसांच्या हाती लागलेली ही टिपणं त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. सरकारच्या जाहीरनाम्यातला माणूस आणि स्वतःच्या हातानं लिहिणारा माणूस एकाच खंडात शेजारीशेजारी वाचायला मिळणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. फडक्यांच्या बंडाबद्दल तुम्हाला काही शोधायचं नसलं तरी सरावासाठी हा खंड वाचाच.

वर्तमानपत्रांबाबत एक सूचना. फडक्यांच्या १८७९ च्या बंडाची बातमी 'केसरी'त शोधायला जाणारे मी स्वतः पाहिले आहेत. 'केसरी' सुरू झाला जानेवारी १८८१ मध्ये. १८७९ साठी १८४९ पासून पुण्यात निघणारा 'ज्ञानप्रकाश' पाहा. आणि देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा सरकार दर आठवड्याला तयार करून घेत असे, तोही पाहा. मूळ अंक हरवला तरी गोषवाऱ्यात चार ओळी सापडतात.

छापील साधनांचा दुसरा उपयोग म्हणजे चुकीचं साल गाळता येतं. उमाजी नाईक यांच्या फाशीचं साल काही ठिकाणी १८३४ दिलेलं दिसतं. पण त्यांच्या पाठलागावर असलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यानं रामोशी समाज आणि उमाजींचं आयुष्य यांवर लिहिलेलं पुस्तक मुंबईत १८३३ साली छापलं गेलं. त्यांच्या शेवटापर्यंतची हकीकत सांगणारं पुस्तक त्याआधी वर्षभर छापून होणार नाही. ३ फेब्रुवारी १८३२ हीच तारीख धरून दप्तराकडे जायचं. दोन वर्षांचा हा फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण दप्तरात तो चुकला तर तुम्ही भलत्याच सालाचे खंड मागवत राहता.

तेव्हाची हद्द आखून घ्या

हे काम सगळे टाळतात. एका कागदावर तुमच्या गावाचं नाव लिहा आणि त्या साली ते कुठल्या तालुक्यात, कुठल्या जिल्ह्यात, इंग्रजी मुलखात की संस्थानात होतं ते लिहा. पनवेल तालुका आज रायगडात आहे, १८७९ मध्ये ठाणे जिल्ह्यात होता. मे १८७९ मध्ये फडक्यांच्या साथीदारांनी पळस्प्याला घातलेल्या दरोड्याचे कागद म्हणून रायगडच्या नावानं शोधून मिळणार नाहीत. सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून निघाला, त्यामुळे १९४२ नंतरच्या, नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळातली आजच्या सांगलीतली पुष्कळ गावं सातारा जिल्ह्याच्या कागदात आहेत. कुंडल तर औंध संस्थानात होतं.

संस्थानाची हद्द फरारी माणसाला जीव वाचवायला उपयोगी पडायची. एका हद्दीतला फौजदार दुसऱ्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू शकत नसे. उमाजी पकडले गेले ते भोर संस्थानातल्या उत्रोळीला. फडके जुलै १८७९ मध्ये सापडले ते थेट देवर नावदगीला, तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, आताच्या कर्नाटकात. त्यांच्या मागावर असलेल्या मेजर डॅनिअलबरोबर निजामाच्या हैदराबादचे पोलीस अधिकारी सय्यद अब्दुल हक होते. दोन सरकारं एकत्र आली की पत्रव्यवहार दुप्पट होतो. अशा प्रकरणाचा एक धागा न्याय खात्यात असतो आणि दुसरा राजकीय खात्यात, म्हणजे संस्थानांशी बोलणाऱ्या खात्यात. एकच पाहून परतू नका.

मुंबईच्या दप्तरात कसं शिरायचं

मुख्य ठिकाण म्हणजे महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख संचालनालय. मुंबईतलं हे दप्तर १८२१ पासूनचं, वर्षानुवर्षं फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राहिलेलं. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शाखा आहेत. पुण्याची शाखा म्हणजेच पेशवे दप्तर. निघण्यापूर्वी फोन करून वाचनकक्ष कुठे, किती वाजता, कोणती कागदपत्रं सध्या बघायला देतात, हे विचारा. नाजूक झालेले किंवा स्कॅनिंगला गेलेले खंड हाती मिळत नाहीत, आणि बाहेरगावाहून गेलेल्या माणसाचा दिवस अशानं वाया जातो.

ओळखपत्र, दोन फोटो आणि संशोधनाचा विषय सांगणारं एखादं शिफारसपत्र बरोबर ठेवा. कॉलेजशी संबंध नसेल तर साध्या अर्जात घराण्याचा किंवा गावाचा इतिहास शोधतोय असं सरळ लिहा. विषय लिहिताना 'गुन्हेगारीचा इतिहास' असं मोघम लिहू नका. 'पुणे जिल्हा, १८७९, दरोडे व बक्षिसाचे जाहीरनामे' असं लिहिलंत की समोरच्या कर्मचाऱ्याला कुठल्या कपाटाकडे जायचं ते कळतं. वर्षानुवर्षं तिथे काम करणारी ही मंडळी सूचीत नसलेलं पुष्कळ काही सांगतात. त्यांना घाई करू नका.

माझी पहिली फेरी पूर्ण फुकट गेली. मी 'पोलीस' हा शब्द धरून सूची चाळत बसले. एकोणिसाव्या शतकातलं पोलीस, तुरुंग, फाशी, बक्षीस हे सगळं 'ज्युडिशियल डिपार्टमेंट' या नावाखाली आहे. मराठीत सोयीसाठी न्याय खातं म्हणू. विसाव्या शतकात हेच विषय गृहखात्याकडे आलेले दिसतात, आणि चळवळीच्या काळातल्या पाळतीच्या फाइली 'होम डिपार्टमेंट, स्पेशल' या मालिकेत आहेत. १९४२ नंतर साताऱ्यात भूमिगत झालेले नाना पाटील आणि त्यांचे साथीदार, शेणोलीजवळची १९४३ ची पगाराच्या गाडीची लूट, हे शोधायचं तर गृहखात्याच्या मालिकेपासून सुरुवात करायची.

मागणी करताना तीन गोष्टी लागतात: साल, खंडाचा क्रमांक आणि त्या खंडातल्या प्रकरणाचा क्रमांक. इथे प्रकरणाला 'कंपायलेशन' म्हणतात. सूची आधी मागवा, त्यातून क्रमांक उतरवा, मग मागणीपत्र भरा. इंग्रजी सूचीतली नावं आजच्या वळणानं लिहिलेली नसतात. उमाजीचा 'ऊमिया' झालेला असतो, 'रामोशी'चा 'रामूसी'. जिथे आपण एक 'यू' लिहू तिथे दोन 'ओ' असतात, वासुदेव 'व्ही'खाली सापडला नाही तर 'डब्ल्यू'खाली पाहा. आणि माणसाच्या नावानं काहीच मिळालं नाही तर 'गँग', 'रिवॉर्ड', 'डकॉयटी', 'डिस्टर्बन्स' हे शब्द पाहा. कायद्यानं दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी. चारच माणसं असतील तर तो कागद दरोड्याच्या शीर्षकाखाली येणारच नाही.

मुंबईला जाणं शक्य नसेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोधून पाहा. प्रकरण दिल्ली-कलकत्त्याच्या सरकारपर्यंत गेलं असेल तर तिथे प्रत असते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरातही मुंबई सरकारच्या न्याय खात्याचं कामकाज आहे. तिकडे राहणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना निश्चित साल आणि तारीख देऊनच सांगा.

हुलिया वाचताना

जाहीरनाम्यातला सगळ्यात जिवंत भाग म्हणजे हुलिया. उंची फुटा-इंचात, वय अंदाजे, रंग सावळा की गव्हाळ, मिशा कशा, कान टोचलेले आहेत का, अंगावर व्रण कुठे, गोंदण कसलं, बोलताना कुठली ढब. फोटो नसलेल्या काळात माणूस ओळखण्याची ही एकच सोय होती. मी पहिला हुलिया वाचला तेव्हा पानावरून बोट हलेना. ज्याच्याबद्दल घरात फक्त नाव उरलं होतं, त्याच्या डाव्या भुवईवर जखमेची खूण होती हे मला सरकारच्या कागदातून कळलं.

पण हुलिया लिहिणाऱ्यानं त्या माणसाला पाहिलेलं नसतं हेही ध्यानात ठेवा. त्यानं गावच्या पाटलाला, शेजाऱ्याला, कधी वैऱ्याला विचारून लिहिलेलं असतं. वय नेहमी तीस, पस्तीस, चाळीस असं गोल असतं. एकाच माणसाचे दोन हुलिये मिळाले तर दोन्ही शेजारी ठेवून काय जुळतं ते बघा. आणि १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघाल्यावर हळूहळू हुलियाच्या जागी ठसे येऊ लागले. त्यानंतरच्या कागदात वर्णन तुटक होत जातं, हा तुमचा दोष नाही.

बक्षिसाच्या रकमेकडे नीट पाहा. उमाजींवरचं बक्षीस शंभर रुपयांपासून सुरू होऊन दहा हजारांपर्यंत गेलं. रक्कम वाढत गेली म्हणजे गावकरी तोंड उघडत नव्हते. माझ्या लेखी हा आकडा गावाच्या मौनाची नोंद आहे, आणि पोवाडे म्हणतात तितकंच ठामपणे तो सांगतो की लोक कुणाच्या बाजूनं होते. फडक्यांवरच्या बक्षिसाचे मात्र पुस्तकागणिक वेगळे आकडे दिलेले आढळतील, कुठे चार हजार तर कुठे पन्नास हजार. मूळ जाहीरनामा किंवा मंजुरीचं पत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका. फडक्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं. उमाजींनीही स्वतःचा जाहीरनामा काढला होता. म्हणून जाहीरनामा सापडला की त्याच खंडात पुढची-मागची पानं उलटा, प्रतिजाहीरनामा भाषांतर करून जोडलेला असण्याची शक्यता असते.

मोडी, सन आणि दप्तरी शब्द

सरकारशी झालेला पत्रव्यवहार इंग्रजीत असला तरी गावाकडून आलेले कागद मोडीत असतात. जबान्या, पाटलाचे रपोट, जामीनकतबे, सगळं मोडी. दोन-तीन महिन्यांत छापील मोडी वाचता येते, हाताची मोडी वाचायला वर्षभर सराव हवा. तोवर जाणकाराकडून वाचून घ्या, पण तारखा आणि नावं स्वतः ओळखायला लवकर शिका.

सन बदलून घेताना घोळ होतो तो जानेवारी ते चैत्रादरम्यान. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेत ७९ मिळवायचे. शिरूर तालुक्यातल्या धामारीचा दरोडा फेब्रुवारी १८७९ चा, म्हणजे शके १८००. फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं वर्ष, मृगाला बदलतो: जून ते डिसेंबर ५९०, पुढे मृगापर्यंत ५९१. धामारीची तीच तारीख फसली १२८८ मध्ये पडते. एका कागदावर हे कोष्टक लिहून वहीत चिकटवा.

दप्तरी शब्द थोडेच आहेत. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'मौजे' गावासाठी, 'इसम मजकूर' म्हणजे वर सांगितलेला माणूस. 'परागंदा' म्हणजे गाव सोडून गेलेला, आणि तो गुन्हेगारच असतो असं नाही, दुष्काळात कर्जापायी गेलेलाही परागंदाच. 'मुचलका' म्हणजे स्वतः लिहून दिलेली हमी, 'हाजिर जामीन' म्हणजे तो हजर राहील अशी दुसऱ्यानं दिलेली. 'पुंड' हा शब्द जपून वाचा. सरकारला न जुमानणारा कुणीही त्यात बसवलेला असतो.

पकडल्यानंतरचे कागद

माणूस सापडला की जाहीरनामा थांबतो आणि दुसरी मालिका सुरू होते: अटकेचा अहवाल, बक्षिसाची वाटणी, सेशन्स कोर्टातला खटला, शिक्षा, तुरुंग. बक्षिसाची वाटणी वाचायला मन घट्ट करावं लागतं, कारण त्यात फितूर झालेल्यांची नावं असतात. उमाजींना पकडून देणारे त्यांच्याच ओळखीतले होते.

तुरुंगाचा माग लांब जाऊ शकतो. अकोले तालुक्यातले राघोजी भांगरे १८४८ मध्ये पंढरपुरात पकडले गेले आणि ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. फडक्यांना पुण्याच्या सेशन्स कोर्टात शिक्षा झाली. त्यांचं वकीलपत्र सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, घेतलं होतं. नंतर त्यांना एडनला पाठवलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. आपला माणूस गावच्या तालुक्यात सापडला नाही म्हणून शोध सोडू नका. काळ्या पाण्याच्या शिक्षेचा कैदी असेल तर तुरुंग खात्याचे वार्षिक अहवाल आणि न्याय खात्यातला पाठवणीचा पत्रव्यवहार पाहा.

जमातीच्या नोंदवह्या: इथे थांबून वाचा

आतापर्यंत आपण नावानिशी शोधल्या गेलेल्या माणसांबद्दल बोललो. पण पोलीस दप्तरात असेही हजारो लोक आहेत ज्यांनी काही केल्याची नोंदच नाही. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला आणि १९२४ मध्ये त्याची फेरमांडणी झाली. या कायद्यानं अख्खी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करता येत असे. मग त्या जमातीच्या माणसांची नोंदवही, बोटांचे ठसे, ठरावीक वेळी हजेरी, गाव सोडताना परवाना. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून शाळेत ठेवण्याचीही तरतूद होती. सोलापुरात तारेच्या कुंपणातलं मोठं सेटलमेंट होतं, आणि त्या भागाला लोक अजूनही सेटलमेंटच म्हणतात.

मुंबई राज्यानं १९४९ साली हा कायदा काढला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. विमुक्त दिन पाळतात तो म्हणून. कायदा गेला, पण नोंदवह्या आणि त्या वाचून बनलेली नजर राहिली, आणि आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालावर जाते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

या वह्या हाती आल्या तर तीन नियम पाळा. वहीत नाव असणं म्हणजे गुन्हा केला असणं नव्हे, हे तुमच्या लेखात पहिल्या परिच्छेदात लिहा. कुटुंबानं परवानगी दिल्याशिवाय नाव, गाव आणि ठसा एकत्र छापू नका किंवा व्हॉट्सॲपवर फिरवू नका, कारण त्या नावांची नातवंडं आज तुमच्याच तालुक्यात कॉलेजात जात आहेत. आणि तिसरं, त्या काळच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं पुरावा म्हणून वापरू नका. मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचं मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वरचं १९०८ चं पुस्तक सहज मिळतं आणि वाचायला ओघवतं आहे. ते सरकारला काय वाटत होतं याचा पुरावा आहे. त्या माणसांबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

एखाद्या विमुक्त घरातल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या आजोबांची नोंद शोधायची असेल, तर हेच दप्तर त्यांच्या कामाचंही ठरू शकतं. कुटुंब १९३० मध्ये कुठे होतं, कोण भाऊ कोण बहीण, कधी हलवलं, हे दाखवणारा दुसरा कागद बहुतेक वेळा नसतोच.

तालुका, ठाणं आणि माहितीचा अधिकार

गावपातळीचे कागद शोधताना अपेक्षा माफक ठेवा. १८६७ च्या गाव पोलीस कायद्यानं पाटलावर गुन्ह्याची खबर देण्याची जबाबदारी होती, त्यामुळे काही पाटील घराण्यांत जुने रपोट आणि मुचलके आहेत. मागायला जाल तर गावातलं जाणतं माणूस बरोबर न्या, चहा घ्या, कागद तिथेच बसून उतरवा, घरी नेण्याची गोष्टही काढू नका.

तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कागदांचे वर्ग असतात: 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षांचे, 'क' दहा, 'क-१' पाच आणि 'ड' एका वर्षाचे. मुदत संपली की नष्ट. तेव्हा १९२० सालची किरकोळ फौजदारी नोंद तिथे मागण्यात अर्थ नाही, पण जप्त केलेल्या जमिनीची नोंद 'अ' वर्गात सापडू शकते. फरारी माणसाची जमीन सरकारजमा झाली असेल तर फेरफार हाच तुमचा जाहीरनामा.

पोलीस ठाण्यातली गावगुन्हे नोंदवही, स्टेशन डायरी, हिस्ट्रीशीट हे जुने असले तरी ठाण्याच्या ताब्यात असतात. तोंडी मागून मिळत नाहीत. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करा आणि त्यात कलम ८(३) चा उल्लेख करा: वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. गावाचं नाव, साल, नोंदवहीचं नाव लिहा, आणि 'नष्ट केली असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्यावी' हे वाक्य न चुकता घाला. माझ्या एका अर्जाला एका ठाण्यातून फक्त तेवढाच कागद आला, पण त्यावरून ती वही कोणत्या वर्षापर्यंत शिल्लक होती हे समजलं.

टिपण कसं ठेवायचं

प्रत्येक कागदासाठी एक पान. वर खातं, साल, खंड, प्रकरण, पृष्ठ. मधे मजकूर जसाच्या तसा. खाली, वेगळ्या शाईत, तुमचं मत. ही दोन्ही मिसळली की सहा महिन्यांनी सरकार काय म्हणालं आणि तुम्ही काय समजलात हे तुम्हालाच वेगळं काढता येत नाही. फोटो काढण्याची परवानगी आणि शुल्क आधी विचारा. फोटो काढला तरी पहिली ओळ हातानं लिहून घ्या. मोडीचे फोटो नंतर एकसारखेच दिसतात.

त्याच पानावर आणखी एक ओळ ठेवा: हा कागद कुणी, कुणासाठी लिहिला? मॅजिस्ट्रेटनं सरकारला लिहिताना गाव शांत असल्याचं म्हटलेलं असतं, त्याच आठवड्यात बक्षीस वाढवून मागितलेलं असतं. दोन्ही पानं तुमच्या वहीत शेजारीशेजारी आली पाहिजेत.

पहिल्या दिवशी मोठं काही मागू नका. १८७९ सालची न्याय खात्याची सूची मागवा, पुणे जिल्ह्याखाली दरोडा किंवा बक्षीस असा शब्द असलेल्या नोंदींचे क्रमांक उतरवा, आणि त्यातलं सगळ्यात पातळ प्रकरण बाहेर काढायला सांगा. पाच-सात पानांचं असेल तर संध्याकाळपर्यंत अक्षर लागतं.